सोसायटी ग्रुप : आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा महापालिकेकडून कसा मिळवायचा?

सचिव, बी-203 : सर्वांना नमस्कार. डीम्ड कन्व्हेयन्सच्या, म्हणजे बिल्डर करून देत नसलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या, प्रस्तावाला दोन कागद कमी पडतायत, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला). बिल्डर फोन उचलत नाही. महापालिकेत पत्र देऊन बराच काळ लोटला, पण दर वेळी ‘जुनी फाइल आहे, शोधतोय’ एवढंच ऐकून परत यावं लागतं. कोणाला यातली माहिती असेल तर कृपया ग्रुपवरच लिहा, म्हणजे सगळ्यांना कळेल.

अध्यक्ष, ए-301 : त्या ऑफिसात कोणाची ओळख आहे का? एखादा फोन गेला तर काम लवकर होईल.

ए-102 : अध्यक्षसाहेब, ओळखीने कागद मिळेलही, पण मिळेल ती साधी झेरॉक्स. हा प्रस्ताव सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जातो, त्यांच्यापुढे ठेवायला आपल्याला शिक्का-सहीची प्रमाणित प्रत हवी, आणि ती मागणं हा आपला हक्क आहे. माझी नोकरी सरकारी अभिलेख कक्षात झाली, म्हणून खात्रीने सांगते. साधं पत्र ढिगात पडून राहिलं तर त्याची आठवण कोणाला होत नाही. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला 2005 च्या कायद्याने 30 दिवसांची मुदत आहे. सबळ कारण नसताना उशीर झाला तर राज्य माहिती आयोग जन माहिती अधिकाऱ्याला (अर्जाला उत्तर द्यायची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो, आणि तो त्या अधिकाऱ्याला स्वतःला भरावा लागतो. त्यामुळे तो अर्ज बाजूला राहत नाही.

सचिव, बी-203 : धन्यवाद काकू. मग सोसायटीच्या लेटरहेडवर आजच अर्ज टाइप करतो.

ए-102 : लेटरहेड नको हं. कायद्याच्या कलम 3 प्रमाणे हा हक्क नागरिकाला आहे. संस्थेच्या नावाने अर्ज गेला की ‘अर्जदार नागरिक नाही’ म्हणून परत पाठवायला त्यांना कारण मिळतं. तुमच्या स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावर करा. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. नमुना ‘जोडपत्र अ’ म्हणून मिळतो.

सचिव, बी-203 : ठीक. मजकूर असा लिहिलाय, बघा : ‘आमच्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र का दिले नाही, त्यास जबाबदार कोण, फाइल किती दिवसांत सापडेल, याची माहिती द्यावी.’

बी-601 : एकदम बरोबर. जाब विचारलाच पाहिजे.

ए-102 : तुमचा राग मला कळतो, पण या तिन्ही प्रश्नांना एकाच ओळीचं उत्तर येईल : ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ आणि ते उत्तर कायद्यात बसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय की जे दप्तरात आहे तेच द्यायचं. अधिकाऱ्याने नवीन माहिती तयार करावी, मत द्यावं किंवा कारणं शोधून सांगावीत, हे या कायद्यात येत नाही.

‘का’ हा प्रश्न सोडायचा नाही. त्याचं उत्तर ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद मागायचा. फाइलला दोन बाजू असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे आलेले अर्ज, नकाशे, दाखले. दुसऱ्या बाजूला टिप्पणी. कनिष्ठ अभियंता लिहितो की जागेची पाहणी केली, अमुक अटीची पूर्तता नाही, सबब मान्यता देऊ नये. खाली वरिष्ठांची सही आणि तारीख. भोगवटा कुठे अडकला, कोणी अडवला, नंतर कोणी पाठपुरावाच केला नाही, हे सगळं त्या टिप्पणीत असतं. लोक फक्त प्रमाणपत्राची प्रत मागतात आणि टिप्पणी मागायचं विसरतात. ‘प्रमाणपत्र दप्तरी आढळत नाही’ असं उत्तर आलं की तिथेच थांबतात.

मी असं लिहीन (नस्ती म्हणजे फाइल, न.भू.क्र. म्हणजे नगर भूमापन क्रमांक, प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी) :

‘मौजे ___, न.भू.क्र. ___ येथील ___ या इमारतीच्या बांधकाम परवानगीच्या नस्तीतील पुढील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात : शेवटचा मंजूर सुधारित नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, अंशतः दिले असल्यास तेही, भोगवट्यासाठी वास्तुविशारदाने केलेला अर्ज व त्यावरील संपूर्ण टिप्पणी, सदर नस्तीबाबत अभिलेख कक्षाच्या नोंदवहीतील नोंदी. तसेच संपूर्ण नस्तीचे निरीक्षण करू द्यावे.’

शेवटची नोंदवहीची ओळ काढू नका. फाइल कक्षाबाहेर गेली की कोणाच्या सहीने गेली आणि कधी गेली, हे नोंदवहीत असायला हवं. ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्याला ती वही उघडावी लागते, आणि बऱ्याच फाइली तिथूनच सापडतात.

सी-504 : काकू, हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. पण परवानगी क्रमांकच माहीत नसेल तर ते शोधणार कसे?

ए-102 : बरोबर विचारलंस. जुन्या फाइली क्रमांकाने लावलेल्या असतात, इमारतीच्या नावाने नव्हे. त्यात बिल्डरने परवानगी घेताना इमारतीला दिलेलं नाव आणि आपण आज लावलेलं नाव एकच असेल असंही नाही. आता सगळ्यांना विनंती : ज्यांनी थेट बिल्डरकडून घर घेतलंय त्यांनी आपला नोंदणी केलेला करारनामा काढा आणि मागची पानं बघा. तिथे परिशिष्टं असतात. बहुतेक वेळा प्रारंभ प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि मजल्याचा नकाशा जोडलेला असतो. प्रमाणपत्राच्या वरच्या कोपऱ्यात परवानगी क्रमांक आणि तारीख असते. फोटो काढून टाका.

सी-201 : मिळाला! फोटो टाकतेय. शिक्का पुसट आहे पण क्रमांक वाचता येतोय. मजल्याचा नकाशापण आहे.

सचिव, बी-203 : ताई, खूप खूप आभार. हा अर्जात घालतो.

अध्यक्ष, ए-301 : अर्ज द्यायचा कुठे, वॉर्ड ऑफिसला की इमारत प्रस्ताव विभागाला? मागच्या वेळी एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे.

ए-102 : नकाशाची मंजुरी ज्या विभागाची, त्यालाच द्या. तरी चुकीच्या ठिकाणी गेला तर अर्ज परत करायचा नसतो. कलम 6(3) प्रमाणे 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवून आपल्याला तसं कळवायचं, ही जबाबदारी त्यांची. खिडकीवर ‘इकडे नाही, तिकडे जा’ म्हणाले तर शांतपणे सांगा, ‘अर्ज घ्या आणि 6(3) खाली वर्ग करा.’ आवक शाखेत दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढची सगळी मोजणी त्या तारखेवरून होते.

माहिती कशासाठी हवी ते विचारतील. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगायची गरज नाही. ठराव, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), काही जोडू नका. संपर्काचा पत्ता पुरेसा आहे. वाद मात्र घालू नका. खिडकीवरच्या माणसाला बऱ्याचदा नियम ठाऊक नसतो, पण पुढे आपल्याला त्याच्याशीच काम असतं.

सी-504 : ऑनलाइन होत नाही का?

ए-102 : राज्याचं आरटीआय, म्हणजे माहितीच्या अधिकाराचं, ऑनलाइन पोर्टल आहे. यादीत आपलं कार्यालय असेल तर तिथूनही चालेल. आणखी एक, अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, हा महाराष्ट्राचा 2012 चा नियम आहे. नकाशा, पाणीपट्टी आणि पार्किंग एकाच अर्जात कोंबलं की तेवढ्यावरूनच अडवतात.

सी-504 : मग आपल्या गेटसमोरच्या रस्त्यासाठी वेगळा अर्ज मी करतो. दोन पावसाळे टिकला नाही तो. काय काय मागू?

ए-102 : जरूर कर, मला फार बरं वाटेल. कार्यादेश, दोषदायित्व कालावधीची अट आणि मोजमाप पुस्तिकेच्या त्या कामाच्या पानांच्या प्रती माग. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी, लांबी-रुंदी आणि कोणत्या तारखेला कोणी मोजलं ते लिहिलेलं असतं. बिल त्यावरूनच निघतं. कालावधी संपला नसेल तर दुरुस्तीचा खर्च कंत्राटदाराचा, आणि मग आपल्या तक्रारीला आधार मिळतो.

बी-601 : मग मीपण एक टाकतो. वरच्या मजल्यावाल्यांनी बाल्कनी आत घेतलीय. त्यांचे करारनाम्याचे, कर्जाचे सगळे कागद मागवतो.

ए-102 : दादा, बांधकामात फेरबदलाची परवानगी महापालिकेने दिली आहे का, दिली असेल तर तिची प्रत आणि नकाशा, एवढं मागा. कर्ज, उत्पन्न, घरगुती कागद या खासगी गोष्टी आहेत. त्या देणार नाहीत, आणि आपणही मागू नयेत असं माझं ठाम मत आहे. हा कायदा सरकारी कामावर प्रकाश टाकण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या घरात डोकावण्यासाठी नाही.

ए-404 : सोसायटीचे हिशेब बघायलाही हाच अर्ज का? विचारतेय, शंका नाही कोणावर.

सचिव, बी-203 : ताई, त्याला सहकार कायदा आहे. कलम 32 खाली सभासदाला ठरावीक कागद तपासता येतात. तुम्ही कधीही या, कपाट उघडून देतो.

ए-102 : बरोबर. सोसायटी ही सरकारी कार्यालय नाही, तिला थेट आरटीआय लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. आपण उपनिबंधकांकडे जे कागद पाठवतो ते मात्र त्यांच्याकडून मागता येतात.

सचिव, तुम्ही मालमत्ता पत्रक (जागेच्या मालकीची नोंद) आणि सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) यांसाठीही अर्ज करायचं म्हणत होतात. ते राहू द्या. मालमत्ता पत्रक डिजिटल सहीने महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतं, आणि सूची 2 नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर. जे उघड उपलब्ध आहे त्यासाठी 30 दिवस थांबायचं कशाला?

अध्यक्ष, ए-301 : 30 दिवस झाले आणि काहीच आलं नाही तर?

ए-102 : त्याच कार्यालयातल्या प्रथम अपीलीय अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यांनी 30, फार तर 45 दिवसांत निर्णय द्यायचा. तरी समाधान झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे तारीख मिळायला खूप वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला रिकाम्या हाताने जाऊ नका. फाइल खरंच मिळत नसेल तर तिथेच लेखी मागा : शोध घेतल्याचा अहवाल, गहाळ झाल्याची जबाबदारी कोणावर, आणि उपलब्ध प्रतींवरून नस्तीची पुनर्बांधणी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 मध्ये अभिलेख नीट न सांभाळणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. त्या कायद्याचा नुसता उल्लेख झाला तरी शोध नव्याने सुरू होतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलंय.

सी-201 : निरीक्षण म्हणजे आपण जाऊन फाइल बघायची? आम्हाला समजेल का त्यातलं?

ए-102 : समजेल गं. जाताना कोरे कागद आणि पेन्सिल ने. आधी पानांचे क्रमांक सलग आहेत का बघ. 47 नंतर एकदम 52 आला तर तसं लिहून घे आणि तिथल्या कर्मचाऱ्यालाही दाखव. मग टिप्पणी सुरुवातीपासून वाच, घाई करू नकोस. हवी ती पानं क्रमांकासह लिहून दिली की 2 रुपये पानाप्रमाणे प्रती मिळतात. निरीक्षणाचा पहिला तास मोफत असतो. शिवाय राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघण्यासाठी वेळ ठेवायला सांगितलं होतं. अर्जाचं उत्तर येईपर्यंत तुम्ही तिथे जाऊन विचारू शकता.

सी-504 : सोमवारी माझी सुट्टी आहे. सचिवकाका, मी तुमच्याबरोबर येतो.

सी-201 : मीही. करारनाम्याची मूळ प्रत बरोबर आणते.

सचिव, बी-203 : छान. उद्या सकाळी अर्ज देतो आणि पोचेचा फोटो इथे टाकतो. अपिलाची शेवटची तारीखही फलकावर लिहून ठेवतो.

ए-102 : नकाशा मोठ्या कागदावर असतो, त्याचं शुल्क वेगळं येईल. ते कळवणारं पत्र आलं की त्याच दिवशी भरा. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 दिवसांत धरत नाहीत. आणि मुदत संपल्यावर पत्र आलं तर शुल्क भरू नका. उशीर झाला की माहिती मोफत द्यावी लागते, कलम 7(6). तसं लिहून द्या आणि पोच घ्या.