मदत हवी आहे: नायलॉनचा स्नायू तापला की आकसायच्या ऐवजी लांबतोय

घाईगडबड: गळाच्या नायलॉन दोऱ्याला पीळ देऊन स्प्रिंग केली, म्हणजे तापलं की स्नायूसारखी आकसणारी. गरम हवा सोडली की आकसायला हवी, तर चक्क लांबते! तीनदा नवी केली, तेच. बाहीला शिवायची आहे, तापलं की झडप उघडावी म्हणून. परवा दाखवायचंय. काय चुकतंय?

खटपट्या: वजन किती टांगलंय? खालचं टोक मोकळं फिरतंय का? फिरत असेल तर नुसता पीळ सुटतोय.

तारेवरची_कसरत: नायलॉनचा नाद सोडा, निटिनॉलची तार घ्या, म्हणजे तापली की ठरलेल्या आकारात परतणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू. वीज दिली की झालं.

खटपट्या: आणि आकसणार जेमतेम चार-पाच टक्के. २०१४ च्या 'सायन्स'मधल्या लेखात नायलॉनची गुंडाळी ४९ टक्क्यांपर्यंत आकसल्याचं दिलंय.

तारेवरची_कसरत: कुठल्या तापमानाला तेही सांगा की! अंगाच्या उबेने तुमचा नायलॉन ढिम्म हलत नाही.

ओलावा: पीनायपॅम जेल बघा, ३२ अंशांच्या वर गेलं की पाणी सोडून आकसतं. अंगाजवळचंच तापमान.

खटपट्या: म्हणजे शर्ट भिजवून घालायचा?

घाईगडबड: अहो, माझं काय? वजन २०० ग्रॅम, टोक बांधलेलं. पिळलेला दोरा सळईवर गुंडाळून ओव्हनमध्ये भाजला.

सूतकताई: सळईवर! हे आधी सांगायचं ना. पीळ एस की झेड, म्हणजे दोऱ्यावरच्या तिरक्या रेषा S च्या मधल्या भागासारख्या की Z च्या? आणि गुंडाळी कुठल्या दिशेने?

घाईगडबड: बघितलं नाही. फरक पडतो?

सूतकताई: सगळा फरक तिथेच. ताणून काढलेला नायलॉन तापला की लांबीत किंचित आखूड होतो आणि जाडीत फुगतो, म्हणून पीळ उलगडू बघतो. टोकं बांधलेली, त्यामुळे ते वळण गुंडाळीवर येतं. पीळ आणि गुंडाळी एकाच दिशेचे असतील तर वेढे जवळ येतात, विरुद्ध असतील तर लांब जातात. तुमची विरुद्ध झालीये. दिशा बदलून गुंडाळा. आणि वेढ्यांमध्ये फट राहील एवढं वजन ठेवा, चिकटलेले वेढे आकसणार कुठे?

घाईगडबड: उलट गुंडाळली. आकसली!! पण वजन काढलं तर परत लांबत नाही.

खटपट्या: वजन काढलंत कशाला? परत ओढायला काहीतरी लागणारच. बाहीत लवचीक पट्टी घाला.

ओलावा: झडप उघडायचीच होती ना? मग पहिली लांबणारी काय वाईट होती?

घाईगडबड: ती फेकली.