नानांना फोन करण्याबद्दल (कृपया शेवटपर्यंत वाचा)

प्रेषक: वहिनी
मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी,

नाना बायपासनंतर शनिवारी घरी आले. ठीक आहेत. तुम्ही सगळे आठवणीनं चौकशी करताय, त्याबद्दल तक्रार नाही. पण काल दिवसभरात ३१ फोन आले. मोजले, कारण दुपारनंतर दुसरं काही सुचेना. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं हवं असतं: कधी दुखायला लागलं, किती ब्लॉक निघाले, शीर कुठल्या पायाची काढली. सांगून सांगून माझा घसा बसला आणि नानांची दुपारची झोप गेली.

तर दुपारी २ ते ४.३० फोन नको. संध्याकाळी ५ ते ६ मध्ये करा, तेही थोडक्यात.

आणि बापूंना खास विनंती: त्यांना हसवू नका. छातीचं हाड तारेनं बांधलंय, हसलं की कळ जाते. काल तुमच्या त्या हरवलेल्या माइकच्या गोष्टीनंतर पाच मिनिटं उशी छातीशी धरून कण्हत होते. हसतही होते, तो भाग निराळा.

वहिनी

---

प्रेषक: बापू
मंगळवार, रात्री १०.२५

वहिनी, चुकलो. पण माइकची गोष्ट त्यांनीच काढली हो, मी फक्त शेवट सांगितला.

आता मुद्द्याचं. नानांची बातमी मेलच्या यादीवर टाकली कोणी? मी नाही. सोमवारी सकाळी चिटणीसांचा मेल आला, खाली घरचा नंबर ठळक अक्षरात. मग ३१ फोन येणार नाहीत तर काय होईल? गेली अकरा वर्षं आजारपणाच्या बातम्या मी देतोय. देण्याआधी घरी विचारतो, काय लिहू, काय नको. नंबर कधीही घालत नाही. माईंच्या मोतीबिंदूच्या वेळी आठवा, एकाचाही अवेळी फोन गेला नव्हता.

बापू

---

प्रेषक: चिटणीस
बुधवार, सकाळी ८.०५

बापूसाहेब,

नंबर सभासदांच्या यादीत आहेच, मी नवीन काही उघड केलेलं नाही. सर्व सूचना एकाच पत्त्यावरून जाव्यात असं जानेवारीच्या बैठकीत ठरलं. आपण त्या बैठकीला हजर होतात, हात वर केल्याचीही नोंद आहे.

नानांना लवकर बरं वाटो.

चिटणीस

---

प्रेषक: बापू
बुधवार, सकाळी ८.२०

> सर्व सूचना एकाच पत्त्यावरून जाव्यात

हॉलची वेळ बदलली, ही सूचना. माणूस आजारी पडला, ही सूचना नव्हे. हात मी खिडकी उघडा म्हणून वर केला होता.

---

प्रेषक: माई
बुधवार, सकाळी ११.१५

माझ्या मोतीबिंदूला फोन आले नाहीत, कारण बापू, तुम्ही बातमी दिलीत ती पट्टी निघाल्यावर. असो.

वहिनी, मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून चार गोष्टी लिहिते. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, कुणाकुणाला बारासुद्धा. तोवर वजन उचलणं, जोर लावून ढकलणं-ओढणं नको. खुर्चीतून उठताना हातांवर भार देऊ नये, पायांवर उठायचं. खोकला आला तर दाबून धरू देऊ नका, खोकायलाच हवं, नाहीतर कफ साठतो. उशी त्यासाठीच दिलेली असते. ते श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचं यंत्र घरी दिलं असेल, ते कपाटावर जाऊन बसतं, सगळ्यांच्या घरी बसतं. समोर टेबलावर ठेवा. ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, किंवा कूस बदलताना हाडात कटकट वाजलं, तर यादीवर विचारत बसू नका, सरळ दवाखान्यात फोन करा.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. पुढचे काही आठवडे ते चिडतील, मध्येच डोळ्यांत पाणी येईल, झोप उडेल. बायपासनंतर हे फार जणांचं होतं. तुमचं काही चुकत नाहीये. लांबायला लागलं तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटायला जाऊ नये. प्रेम महिनाभर टिकेल.

माई

---

प्रेषक: भाऊ
बुधवार, दुपारी १२.५०

उशीर झाला, घरी रात्रपाळी चालू आहे. (मुलगी झाली, आज १९ दिवसांची. बापूकाका, हेही आधी तुम्हाला कळवायचं होतं का?)

एक तक्ता केलाय, लिंक खाली आहे. रोज दोनच फोन: एक ५ वाजता, एक ५.३० ला. आपलं नाव रिकाम्या घरात टाकायचं. शेवटचा रकाना ‘विषय’, म्हणजे दोघंजण तेच तेच विचारणार नाहीत. तब्येतीचा गोषवारा वरच्या ओळीत वहिनी आठवड्यातून एकदा लिहितील, तो वाचूनच फोन करावा.

भाऊ

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी १.३०

भाऊ, अभिनंदन! तक्ता उघडत नाही.

माई, तुम्ही लिहिताच आहात तर विचारतो. वहिनींचा मेल वाचून मीही रक्तदाब पाहिला. १६२ वर ९४. लगेच परत पाहिला, १५८. मग बायकोला फोन लावून सांगतासांगता परत पाहिला, १६६. गोळी दुप्पट करू का?

अण्णा

---

प्रेषक: माई
बुधवार, दुपारी २.१०

गोळी दुप्पट अजिबात करू नका. फोनवर बोलत रक्तदाब मोजतात का, अण्णा? बोलण्यानंच आकडा चढतो. पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्याच्या बाहीवरून नाही, आणि दंड छातीच्या उंचीला टेकवलेला. आधी लघवीला जाऊन या. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असं आठवडाभर लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. मला नको.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी २.४५

१३८. गप्प बसल्यावर. बायको म्हणते, हा उपाय तिला तीस वर्षांपूर्वी माहीत असता तर बरं झालं असतं.

साखरेचंही विचारायचं होतं. तीन महिन्यांच्या तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळलं, तरी ७.२ आली. यंत्रात दोष असू शकतो का?

---

प्रेषक: माई
बुधवार, दुपारी ३.००

यंत्रात नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर त्या तपासणीत दिसते. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा जमाखर्च. शेवटच्या चार दिवसांच्या पुण्यानं तो फिरत नाही.

---

प्रेषक: चिटणीस
बुधवार, दुपारी ३.२०

मूळ विषय नानांच्या फोनचा आहे. रक्तदाबासाठी वेगळा विषय उघडावा ही विनंती. तसेच भाऊंच्या तक्त्याला समितीची मान्यता घेतलेली नाही, ती नंतर घेता येईल.

---

प्रेषक: ताई
बुधवार, रात्री ११.०५

सगळं वाचलं. लिहू की नको करत होते, लिहितेच.

नोव्हेंबरात माझी नोकरी गेली. चौदा वर्षं एका जागी होते. नऊ मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यातली दोन मिनिटं समोरच्या बाईचा आवाज बंद होता आणि मी खुणेनं तिला ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत न्यायला माणूस आला. ही बातमी यादीवर गेली नाही, पण सगळ्यांना आठवड्यात कळली होती. मला माहीत आहे, कारण डिसेंबरच्या कार्यक्रमात मी आले की लोक एकदम गाड्या लावायच्या जागेबद्दल बोलायला लागत.

किती फोन आले सांगू? दोन. एक नानांचा, एक माईंचा.

नानांनी ‘कसं झालं, का झालं’ एकदाही विचारलं नाही. ‘अर्जाचा मसुदा पाठव, माझं शुद्धलेखन तुझ्यापेक्षा बरं आहे’ म्हणाले. चार महिने दर रविवारी मसुदे तपासत होते. फेब्रुवारीपासून एका ठिकाणी आठवड्यातून तीन दिवस जाते आहे, पगार कमी आहे, माणसं बरी आहेत. तेवढ्यात डावा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. पाठीमागे हात जात नाही, कोट घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. हा आजार आपल्या चालीनं एक ते तीन वर्षं घेतो म्हणतात.

म्हणून बापू आणि चिटणीस, बातमी कोणी द्यायची यावर तुम्ही भांडा. मला एवढंच दिसतं की छाती कापली की ३१ फोन येतात आणि नोकरी गेली की दोन.

ताई

---

प्रेषक: बापू
गुरुवार, सकाळी ७.१०

ताई,

मला कळलं होतं. तीनदा फोन हातात घेतला. काय बोलायचं ते सुचेना. ऑपरेशन असलं की विचारता येतं, जेवण जातं का, चालता का. नोकरीचं काय विचारणार? ‘मिळाली का?’ विचारलं की टोचणार, नाही विचारलं तर टाळल्यासारखं दिसणार. मग टाळलंच. मुलगा १९ महिने घरी बसला होता तेव्हा ‘मिळाली का’ विचारणाऱ्यांचा मला किती राग यायचा ते आठवलं, म्हणून. पण न विचारणाऱ्यांचाही आला होता, हे सोयीनं विसरलो.

आज संध्याकाळी करू का? खांद्याबद्दल विचारीन. तिथून बघू.

बापू

---

प्रेषक: ताई
गुरुवार, सकाळी ७.४०

करा. ५ ते ६ सोडून कधीही, त्या वेळेत मी नानांच्या तक्त्यात आहे.

---

प्रेषक: भाऊ
गुरुवार, सकाळी ९.३०

ताईंचा मेल वाचून तक्त्यात दुसरं पान जोडलंय. त्याला नाव सुचलं नाही, ‘इतर’ लिहिलंय. कुणाला वाटलं तर स्वतःचं नाव स्वतः टाकावं, कारण लिहायची गरज नाही. कोणीतरी फोन करेल. पहिलं नाव मी माझंच टाकलंय. मुलगी गोड आहे, पण गेले १९ दिवस, आता २०, मी सलग तीन तास झोपलेलो नाही आणि सोमवारपासून कामावर हजर व्हायचंय. सल्ला नको. रात्री तीन वाजता जागं कोणी असलं तर बोला.

---

प्रेषक: चिटणीस
गुरुवार, सकाळी १०.१५

भाऊ, रात्री ३ ला माझं नाव टाका. मी तेव्हा उठलेलोच असतो. बायको गेल्यापासून तशी सवय झाली आहे. (हे समितीतर्फे नाही.)

---

प्रेषक: वहिनी
रविवार, रात्री ८.३०

मंडळी, तक्ता छान चालला. आठवड्याचा गोषवारा: घरातल्या घरात दहा मिनिटं दिवसातून चारदा चालतात. पायाची सूज उतरतेय, बसताना पाय वर ठेवावा लागतो. यंत्राचे दोन गोळे वर जातात, तिसरा अर्ध्यात अडकतो, त्यावरून त्या यंत्राशी भांडण चालू असतं. शुक्रवारी डोळ्यांत पाणी आलं होतं. माई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मी घाबरले असते.

फक्त आज बरोबर ४.१० ला फोन वाजला. नुकता डोळा लागला होता. मी उठून येईपर्यंत नानांनीच घेतला. कोण होतं, सांगत नाहीत.

---

प्रेषक: बापू
रविवार, रात्री ९.००

मी होतो. शपथेवर सांगतो, माझ्या हिशेबानं तुमच्याकडे ५.१० झाले होते. आमच्या अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, तुमच्या युरोपातली शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत आपल्यातलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं. दरवर्षी होतं आणि दरवर्षी विसरतो.

हसवलं नाही. त्यांनीच माइक शेवटी कुठे सापडला ते परत विचारलं.

---

प्रेषक: भाऊ
रविवार, रात्री ९.१५

बापूकाका, मग तक्त्यात वेळ वहिनींच्या घड्याळाची धरायची का ज्याच्या त्याच्या?

---

प्रेषक: चिटणीस
रविवार, रात्री ९.२५

वहिनींच्या. याला बैठक नको.

---

प्रेषक: अण्णा
रविवार, रात्री ९.५०

तक्ता अजून उघडत नाही.