१८९० किलोहर्ट्झवर दोन स्टेशनं एकत्र, उगम कसा शोधू?

प्रश्न: घराजवळ मीडियम वेव्हचे दोन टॉवर आहेत, एक ७२० चा आणि दुसरा ११७० चा. १६० मीटर बँडवर (हौशी रेडिओचा पट्टा) १८९० ला दोघांचे कार्यक्रम एकमेकांत मिसळून ऐकू येतात आणि जोराचा पाऊस पडला की गायब. दोष स्टेशनचा की माझ्या रिसीव्हरचा?

उत्तर १: ७२० अधिक ११७० बरोबर १८९०, म्हणजे मिक्सिंगच आहे, दोन सिग्नल मिसळून बेरजेच्या फ्रिक्वेन्सीवर तिसरा तयार होतोय. अँटेनाला १० डीबीचा (डेसिबलचा) अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा भाग, लावा. आवाज १० डीबीनेच पडला तर सिग्नल बाहेरून येतोय, २० च्या आसपास पडला तर रिसीव्हर ओव्हरलोड होतोय.

उत्तर २: पावसात जातंय म्हणजे मला तर गंजलेला सांधाच वाटतोय, तो डायोडसारखा (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वागतो, त्यात दोन्ही सिग्नल मिसळतात आणि आसपासची तार अँटेना बनते. १८९० पर्यंत जाणारा, फेराइट रॉडवाला (आत अँटेनाची चुंबकीय कांडी असलेला) पोर्टेबल रेडिओ घ्या आणि हळूहळू फिरवा, आवाज सगळ्यात कमी होतो तिथे रॉडची टोकं ज्या रेषेत आहेत त्या रेषेवर उगम असतो. दोन-तीन जागांवरून रेषा काढा. माझ्याकडे कुंपणाची तार गंजक्या पाइपाला टेकलेली निघाली, घासून घट्ट जोडली आणि बँड एकदम साफ!

प्रश्नकर्ता: अटेन्युएटरने १० च पडला. उद्या छतावरचे पत्रे तपासतो, खूप आभार.