पूर्वजांचं आयुष्य शोधताना, लिहिताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्या घरात नऊ पिढ्यांची वंशावळ आहे, आणि तिच्यात एकही बाई नाही. पणजीने सात बाळंतपणं काढली, पणजोबा गेल्यावर पंधरा वर्षं शेती एकटीने सांभाळली, पण तिचं माहेर कुठलं हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं. आता तिला शोधायचं तरी कसं?

गेली दोन वर्षं मी तिच्याविषयी लिहिते आहे. एक गोष्ट कळली. म्हाताऱ्या माणसांना ‘आपला मूळ पुरुष कोण?’ असं विचारलं की ती गप्प होतात. ‘लहानपणी पाणी कुठून आणायचात?’ असं विचारलं की दुपार पुरत नाही. चुलत आजोबा एक्याण्णव वर्षांचे. पाण्यावरून विहिरीवर आले, विहिरीवरून मोटेवर, आणि मग म्हणाले, “पहाटे मोट आईच हाकायची. बाईमाणसाने मोट धरली म्हणून गाव बोलायचं. तिने कधी कान दिला नाही.” हे आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं.

तुम्ही असं कुणाचं आयुष्य शोधलं असेल तर सविस्तर लिहा. नावांची नुसती यादी नको, माणूस कसा जगला ते हवं आहे.

बारामतीकडून

आमच्या ट्रंकेत एक मोडी कागद होता. ती इनामाची सनद आहे असं सगळे सांगायचे, दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. त्या एका कागदासाठी मी मोडी शिकलो. साल लागलं शके 1798. त्यात 78 मिळवले की 1876. पुढे वाचत गेलो, पण सनद काही येईना. ते कर्जखत निघालं. खापरपणजोबांनी दोन बैल आणि विहिरीकडचं शेत लिहून देऊन सावकाराकडून साठ रुपये घेतले होते.

मग त्या सालाकडे नीट पाहिलं. त्या वर्षी पाऊस गेला आणि 1878 पर्यंत चाललेला मोठा दुष्काळ सुरू झाला. आदल्याच वर्षी, 12 मे 1875 ला, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली होती. एवढं सगळं आसपास घडून गेल्यावर हा माणूस पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहिला. घरात खायला काय उरलं असेल, याचा अंदाज येतो.

पण खत आमच्या घरात कसं? कर्ज फिटलं की खत ऋणकोला परत मिळायचं. कागद उलटून पाहिला तर पाठीवर फेडीची ओळ होती, शके 1811 ची. तेरा वर्षं! इनाम मिळालं असतं त्यापेक्षा मला त्या ओळीचा अभिमान जास्त आहे. काकांना मात्र मी हे लिहिलेलं अजून आवडलेलं नाही.

पुण्याहून, मोडीबद्दल थोडं

साल आकड्यांत नसून शब्दांत असेल तर थांबू नका. ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1163. हा शुहूर सन, अरबी शब्दांत आकडे लिहिणारी जुनी कालगणना. त्यात 599-600 मिळवले की 1762-63 येतं. पेशवाईतल्या कागदांत हे सारखं भेटतं.

महाडकडून

तुमच्याकडे निदान वंशावळ तरी आहे. आमच्या घरात कुणी कधी लिहून ठेवली नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात म्हणतात, पण आमच्या घराण्याची वही असल्याचं कुणी सांगितलं नाही.

मला धागा सापडला तो तहसील कचेरीत, गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. जन्ममृत्यूची ती जुनी नोंदवही. त्यात 1918 साली आमच्या वाड्यातले चार मृत्यू एका महिन्यात, कारण ‘ताप’. ती इन्फ्लुएन्झाची साथ. चारांत पणजोबांचे वडील होते, नावापुढे ‘नाक’ लावलेलं, महारांच्या नावांना तेव्हा लावत तसं. ते नाव हातात आलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

पणजोबा तेव्हा दहाबारा वर्षांचे असणार. आजी सांगायची की 20 मार्च 1927 ला ते चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. याला कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही. म्हणून मी लिहिताना ‘आजीने सांगितलं’ असं लिहिलं, तिच्याच शब्दांत, आणि तिने कधी व कुठे बसून सांगितलं तेही लिहिलं. मला तेवढं पुरेसं वाटतं.

मॉरिशसहून

माझे लोक एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथे आले. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या वेळच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक माणसाला क्रमांक, जहाजाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. गावाचं नाव कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं, ते मोठ्याने वाचत राहिलं की कधीतरी उलगडतं. आमचं रत्नागिरीकडचं निघालं. बायकांनाही स्वतःचा क्रमांक होता, म्हणून मला खापरपणजी सापडली. हनुवटीवर डावीकडे व्रण, एवढंच तिच्याबद्दल लिहिलंय. सरकारी दफ्तराने तिला नोंदलं, घरच्या कुणी नाही. आमच्याकडे अजून झाकरी होते, ती कोकणातली जाखडी. ती ऐकताना मला तो व्रण आठवतो.

साताऱ्याहून, पहिल्या ताईंना

पणजीसाठी श्राद्धाची चिठ्ठी शोधा. पिंडदानात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात, आणि आईच्या वडिलांकडची तीन पिढ्यांचीही. म्हणजे तुमच्या आजोबांच्या चिठ्ठीत पणजीचे वडील असणारच. देवघरात, पंचांगात, पोथीच्या पुठ्ठ्यात बघा.

पुन्हा मी

काल गावी जाऊन आले. चिठ्ठी पोथीत नव्हती. देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीखाली होती, आजोबांच्या अक्षरातली. मातामह म्हणून पणजीच्या वडिलांचं नाव आहे, गोत्र आहे, आणि बाजूला कंसात बारीक अक्षरात ‘वाई’.

वाईला जायचं ठरलं आहे. चुलत आजोबा म्हणाले, मलाही घेऊन चल.