स्टेरॉइडच्या एका डोसाला एवढं घाबरू नका
अक्कलदाढ काढताना दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनवरून कुणीतरी "स्टेरॉइड म्हणजे विषच" असं म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. दाढ काढल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते. ४ किंवा ८ मिलिग्रॅमचा एकच डोस ती बरीच कमी करतो, तोंडही लवकर उघडायला लागतं. हाडं ठिसूळ होणं वगैरे त्रास महिनोन्महिने गोळ्या घेतल्यावरचे. मधुमेह असेल तर मात्र आधी सांगाच, साखर एक-दोन दिवस चढू शकते.

खरी काळजी मला वेगळीच वाटते. तोंड आलं की घरात पडलेली ट्रायमसिनोलोनची (हेही स्टेरॉइडच) पेस्ट परस्पर लावू नका हो! फोड हर्पिस या विषाणूचे किंवा चट्टे बुरशीचे असतील तर तिनं संसर्ग आणखी बळावतो.