कॅन्टीनमध्ये मांस कमी करायचंय: नुसता नज (निवडीची मांडणी बदलून दिलेला हलका धक्का) पुरतो का, की लोकांना विचारही करायला लावावा?

ताटवाटी:
सामूहिक कॅन्टीन, रोज साधारण 300 जेवणं. मुख्य पदार्थ चार: तीन मांसाचे, एक शाकाहारी. बंदी न घालता मांसाचा वाटा खाली आणायचा आहे. पोस्टरनं विक्री हललेली नाही. क्रम, डीफॉल्ट (आधीच निवडून ठेवलेला पर्याय), लेबल यांतलं आधी काय करावं? शिवाय नकळत ढकलण्यापेक्षा लोकांनी समजून निवडलेलं बरं. गर्दीच्या वेळी ते कसं साधायचं?

रानवाट:
आधी पदार्थांचं प्रमाण बदला. केंब्रिज विद्यापीठाच्या कॅफेटेरियांवरचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. शाकाहारी पर्याय 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेल्यावर शाकाहारी विक्री ठिकाणानुसार सुमारे 41 ते 79 टक्क्यांनी वाढली, आणि सर्वांत जास्त फरक पडला तो एरवी शाकाहारी क्वचितच घेणाऱ्यांत. तुमचं प्रमाण नेमकं चारात एक आहे. मांसाचा एक पदार्थ काढा (गोमांस किंवा मटण, कारण कार्बनचा सर्वांत मोठा भार त्यांचाच) आणि त्या जागी दुसरा शाकाहारी आणा. पाचवा पदार्थ वाढवून हे करू नका. उरलेलं अन्न वाढतं आणि सगळा फायदा तिथेच जातो.

क्रमाबद्दल लोक फार आशा धरतात. शाकाहारी पदार्थ रांगेत पहिला ठेवला तरी दोन पदार्थांत दीड मीटरहून जास्त अंतर असलं तरच केंब्रिजमध्ये फरक दिसला. मीटरभराच्या आत दिसला नाही. भांडी शेजारी शेजारी असली की दोन्ही एकाच नजरेत येतात, मग पहिलं काय नि दुसरं काय.

मेन्यूवर शाकाहाराची वेगळी चौकट करू नका. मांस खाणारा ती वाचतच नाही. नावात 'मांसविरहित' नको. 'निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, लसूण-टोमॅटोचा दाट रस्सा' असं लिहा.

सावकाश_चव:
विचाराची जागा काउंटर नव्हे. हातात ट्रे, मागे रांग, अशा वेळी माणूस सवयीचंच उचलतो. तो क्षण आदल्या दिवशीच्या ऑर्डरच्या फॉर्मवर आणा.

फॉर्मवर शाकाहारी जेवण आधीच निवडलेलं असू द्या, आणि त्याच्याच खाली स्पष्ट लिहा: 'हा पर्याय आम्ही आधी निवडून ठेवला आहे, कारण त्याचा पर्यावरणावरचा भार कमी आहे. बदलायचा असेल तर इथे टिचकी मारा.' बदल एका टिचकीतच व्हायला हवा. तीन पानं पार करायला लावलीत तर तो नज राहत नाही, अडवणूक होते. मग एकच प्रश्न: 'या आठवड्यात किती दिवस मांसाशिवाय जेवाल?' आकडा त्यांनीच भरायचा. पुढे 'जर मंगळवार असेल, तर मी ... घेईन' अशी रिकामी ओळ. नुसत्या इच्छेपेक्षा वेळ आणि कृती जोडलेलं वाक्य जास्त पाळलं जातं. नज आणि विचार असे जोडण्याला राज्यशास्त्राचे अभ्यासक पीटर जॉन आणि सहकारी 'नज प्लस' म्हणतात.

प्रश्न रोज विचारू नका, आठवड्यातून एकदा पुरे. रोज आला की लोक न वाचताच पुढे सरकतात.

ताटवाटी:
लेबलवर कार्बनचे ग्रॅम द्यावेत का?

सावकाश_चव:
नुसता आकडा नको. 900 ग्रॅम म्हणजे जास्त की कमी, तेच कळत नाही. कमी-मध्यम-जास्त अशी रंगपट्टी द्या, आणि ती चारही पदार्थांवर हवी. फक्त चांगल्यावर लावली तर तुलनाच होत नाही.

मोजमाप:
मोजणीशिवाय सुरू करू नका. मेन्यूचं चक्र चार आठवड्यांचं असेल तर आधी एक पूर्ण चक्र काहीही न बदलता मोजा, मग एकच बदल करून दुसरं. दोन बदल एकदम केले तर कशानं काम झालं ते कळणार नाही. रोज लिहायचं ते असं: प्रत्येक पदार्थ किती शिजवला, किती विकला, किती वाजता संपला. शेवटचं बहुतेक जण विसरतात. शाकाहारी पदार्थ लवकर संपला तर उरलेले लोक नाइलाजानं मांस घेतात आणि नज फसला असं वाटतं.

उष्टंही पदार्थवार वेगळ्या बादल्यांत तोला. विक्री वाढली पण अर्धं ताट टाकलं जातंय, तर दोष पदार्थात आहे. बहुधा प्रथिनं कमी म्हणून पोट भरत नाही. तिथे मूठभर कडधान्य वाढवा. चीज नको, त्याचा भार कोंबडीपेक्षाही जास्त असू शकतो.