मदत हवी आहे: सुतारकाम करणाऱ्या भावाचा अपघात दावा – हाताचे अपंगत्व आणि बुडालेली कमाई कशी सिद्ध करावी?

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या मोटार अपघाताच्या दाव्यासंबंधी जाणकारांचा सल्ला हवा आहे. दिवाळीनंतर कागलजवळ महामार्गावर मागून भरधाव आलेल्या मोटारीने त्याच्या दुचाकीला धडक दिली. गुन्हा मोटारचालकावर नोंदला गेला आहे, मोटारीचा विमा त्या दिवशी चालू होता आणि भावाकडे वैध परवाना होता, त्यामुळे चूक कोणाची यावर फारसा वाद होईल असे वाटत नाही. वाद आहे तो रकमेचा.

भाऊ ३८ वर्षांचा असून कराडला फर्निचरची कामे घेतो. अपघातात त्याच्या उजव्या कोपराचा सांधा चुरला आणि कोपराखालच्या दोन्ही हाडांत पट्ट्या बसवाव्या लागल्या. आता कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि तळहात उताणा करताना हात अर्ध्यावरच अडतो. म्हणजे रंधा मारणे, पटाशीवर नेमका ठोका देणे, डोक्याच्या वर प्लायवूड धरून स्क्रू पिळणे, यांतले काहीच त्याला जमत नाही. मापे घेणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे तो अजून करतो. पण जे काम तो स्वतः करत असे, त्यासाठी आता दुसरा कारागीर रोजाने लावावा लागतो आणि नफ्याचा बहुतेक भाग त्या मजुरीतच जातो.

शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात उजव्या हाताचे ३६ टक्के कायमचे अपंगत्व लिहिले आहे. विमा कंपनीच्या प्रतिनिधीचे म्हणणे असे की, हे एका अवयवाचे अपंगत्व असल्याने संपूर्ण शरीराच्या हिशेबाने ते १२ टक्केच धरले जाईल आणि आयकर विवरणपत्रे भरलेली नसल्यामुळे उत्पन्न महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त मानले जाणार नाही. तेवढ्यावर लोकअदालतीत तडजोड करा, असा त्यांचा आग्रह आहे.

मी जे वाचले त्यावरून हा हिशेब मला अत्यंत अन्यायकारक वाटतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात तुटलेल्या माणसाचे उदाहरण त्या निकालातच आहे: तो कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते, पण तो वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची क्षमता जवळजवळ पूर्ण जाऊ शकते. भावाच्या वयाला सर्वोच्च न्यायालयाच्याच सरला वर्मा निकालातील तक्त्यानुसार १५ चा गुणक (वर्षाच्या नुकसानाला ज्याने गुणायचे तो आकडा) लागतो आणि चाळिशीच्या आतील स्वयंरोजगार करणाऱ्याच्या उत्पन्नात त्याच न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालानुसार भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवले जातात. कंपनीचेच आकडे धरले तर कमाईचे नुकसान सुमारे ४ लाख ५४ हजार होते. प्रत्यक्षातील २५,००० रुपये उत्पन्न आणि निम्म्याने घटलेली क्षमता धरली, तर तेच ३१ लाख ५० हजार होते. वहिनी आणि दोन शाळकरी मुले त्याच्याच कमाईवर आहेत, म्हणून हा फरक सोडून देण्याची माझी तयारी नाही.

मला पुढील बाबींवर मार्गदर्शन हवे आहे. विवरणपत्रे नसताना उत्पन्न कशाने सिद्ध करता येईल? प्रमाणपत्र हजर केले की पुरते, की डॉक्टरांची साक्ष लागते? भाऊ अजून थोडेफार कमावतो, हे त्याच्याविरुद्ध जाईल का? रुग्णालयाच्या बिलाचा काही भाग त्याच्या आरोग्य विम्यातून मिळाला आहे. तो भरपाईतून वजा होतो का? शिवाय एका वकिलांनी शुल्क म्हणून मिळणाऱ्या रकमेतील ठरावीक हिस्सा मागितला आहे, हे रीतसर आहे का?

प्रतिसाद

ताई, सर्वांत आधी मुदतीकडे लक्ष द्या. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. त्या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. उरलेली कागदपत्रे नंतर जोडता येतात. अपघात कागलजवळ झाला असला तरी भाऊ राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवला आहे का, हेही ठाण्यात विचारा, कारण कायद्याने तो अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा आहे.

नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. ज्यांनी उपचार केले किंवा ज्यांनी तपासून टक्केवारी ठरवली, त्या डॉक्टरांची साक्ष लागते, आणि त्यांनी हाताची कोणती हालचाल किती अंशांनी कमी झाली हे सांगायला हवे. त्या हालचालीवाचून सुतारकामातले काय अडते, हे मात्र भावाने स्वतः आणि त्याच्याबरोबर काम केलेल्या एखाद्या कारागिराने सांगावे. माझ्या मते निकाल इथेच फिरतो, आणि बहुतेक दाव्यांत नेमका हाच पुरावा कच्चा राहतो.

उत्पन्नासाठी बँक खात्याचे उतारे, मोबाइलवरून जमा झालेल्या रकमा, प्लायवूडच्या दुकानाची बिले, कामाच्या नोंदींची वही आणि तीन-चार गिऱ्हाइकांच्या साक्षी गोळा करा. आता लावलेल्या कारागिराला दिलेल्या मजुरीच्या पावत्या आवर्जून ठेवा. भाऊ अजून कमावतो या आक्षेपाला तेच सर्वांत चोख उत्तर आहे. आरोग्य विम्याची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे. भरपाईत हिस्सा ठरवून शुल्क घेण्यास वकील परिषदेच्या नियमांनुसार मनाई आहे, तेव्हा ठोक रक्कम लेखी ठरवा.

लोकअदालत वाईट नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसते. हात किती सुधारेल हे ठरण्यापूर्वी सही करू नका.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. याच आठवड्यात अर्ज दाखल करण्याचे ठरवले आहे. एकच शंका उरते: हातातील पट्ट्या काढण्यासाठी पुढे आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टर म्हणतात. तिचा खर्च याच अर्जात मागायचा असेल, तर डॉक्टरांच्या पत्रात अंदाजे रकमेखेरीज आणखी काय लिहून घ्यावे?